अंथरूण पाहून...

प्रथम वर्षाच्या प्रवेश-अर्जात एक रकाना होता : वडिलांचा पत्ता. मी गावचा पत्ता लिहून मोकळा झालो. दादा शहरात मार्केट यार्डात हमाली करतात. पण राहतात कुठे, हे आम्ही घरी कधी विचारले नव्हते. "माझी सोय झालीय," एवढेच ते सांगत. कॉलेजसाठी मी या शहरात वसतिगृहावर आलो, तेव्हा ती 'सोय' पाहिली. अडत दुकानाची ओसरी, खाली दोन रिकामी पोती आणि उशाला बोचके!

गेल्या डिसेंबरात नगरपालिकेने रात्री बेघरांची पाहणी केली. मदतीला आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेची मुले होतो. आधी सरांनी माहिती दिली. २०११ च्या जनगणनेत देशभर साडेसतरा लाखांहून अधिक माणसे बेघर मोजली गेली. त्याआधी, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा हवा आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने माणशी ५० चौरस फूट जागा ठरवली आणि निवारा शक्यतो कामाच्या जागेजवळ असावा, असेही म्हटले. मी सारे वहीत सुवाच्य अक्षरांत उतरून घेतले.

रात्री ११ वाजता आम्ही चौघे निघालो. एस. टी. स्टँड झाला, देवळाच्या पायऱ्या झाल्या. मार्केट यार्डाचा रस्ता आला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "तिकडे कुणी नसते. नुसत्या मालाच्या गाड्या असतात." मित्रांनी विश्वास ठेवला. आमच्या यादीत ४१ नावे आली. दादांचे नाव नव्हते. त्यांच्याबरोबर ओसऱ्यांवर झोपणारी आणखी किती माणसे माझ्या लाजेपायी गळली, कोण जाणे!

रविवारी दादांना विचारले, "पालिकेचा निवारा आहे ना? तुम्ही तिथे का जात नाही?"

"गेलतो की एकदा. कोसभर लांब. रात्री दहाला दार लावत्यात. आमची गाडी लागती पहाटं तीनला. दार कोण उघडणार? सकाळी बोचकं घेऊन बाहेर व्हा म्हणत्यात. ते पाठीवर ठेवू का पोतं?" मग थोडे थांबून म्हणाले, "आन् दारावर पाटी, 'बेघर निवारा'. गावाला माझं घर हाय, पोरा. मी कशाला बेघर?"

मी निरुत्तर झालो. पालिकेने भिंती बांधल्या, खाटा मांडल्या. पण झोपणाऱ्याला काही विचारले नाही. विचारले असते, तर यार्डाजवळचेच एखादे रिकामे गोदाम घेतले असते. रात्रभर दार उघडणारा माणूस ठेवला असता, बोचक्यासाठी कुलपाची पेटी दिली असती आणि पाटीवरचा शब्दही बदलला असता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. इथे पाय न पाहताच अंथरूण घातले होते!

पण पालिकेला नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? विचारायचे तर आधी माणूस यादीत हवा. त्या यादीतून माझ्या बापाला मीच वगळले होते.

सोमवारी सरांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. त्याच रात्री बॅटरी घेऊन मी यार्डात गेलो. या वेळी मित्रही बरोबर होते. दादा पोत्यावर उठून बसले. पहिला अर्ज त्यांचाच घेतला. नाव मला ठाऊकच होते. पुढच्या रकान्यावर हात थांबला.

"दादा, पत्ता काय लिहू?"

"गावचाच लिही," ते म्हणाले. मग माझ्या मित्रांकडे एकवार पाहून म्हणाले, "आन् त्याच्याखाली लिही : हल्ली मुक्काम, मार्केट यार्ड."