डावा हात

भीमगीतात शब्द महत्त्वाचा, वाजवणं काय, कुणीही वाजवतं, असं आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. गाणं कुणाच्या हातातून येतं, त्या हातानं दिवसभर काय काम केलं, हे गाण्यात उतरतंच. हे सांगायला मी लांबचं उदाहरण घेतोय. जवळचं घेतलं की आपण लगेच पार्टी कुणाची, गट कुणाचा यावर घसरतो.

उदाहरण पियानोचं आहे. हसू नका. पियानो मी सिनेमातच बघितलाय, तोही मालकाच्या बंगल्यात, जिन्याखाली ठेवलेला. पण बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला होते, तेव्हा त्या शहरातली काळी माणसं काय गात-वाजवत होती हे शोधायचं माझ्या डोक्यात बसलं. जिनिंगची रात्रपाळी सुटल्यावर मोबाईलवर हेच करायचो. त्यात सापडला जेम्स पी. जॉन्सन. जन्म 1894, बाबासाहेबांपेक्षा तीन वर्षांनी लहान. 1913 च्या सुमाराला हा पोरगा न्यूयॉर्कच्या 62व्या रस्त्यावर एका तळघरात पियानो वाजवत होता. कोलंबिया विद्यापीठ 116व्या रस्त्यावर. मधलं अंतर चार-साडेचार किलोमीटर, म्हणजे आपल्याकडं शेतावर पायी जायचं अंतर. बाबासाहेबांनी त्याला ऐकलं असं कुणी म्हणू नये, त्याला पुरावा नाही. पण शहर एक, वर्षं तीच.

त्या तळघराला नाचाचा परवाना मिळत नव्हता, म्हणून कागदावर ती नाचाची शाळा होती. येणारी माणसं दक्षिणेतून आलेली, कॅरोलिनाकडची. दिवसा गोदीत ओझी उचलायची, रात्री इथं नाचायची. नाच त्यांचा गावचा. जॉन्सन त्यांच्या पायांकडं बघत वाजवायचा. त्यातून त्याची चीज तयार झाली, 'कॅरोलिना शाऊट'.

शाऊट म्हणजे इथं ओरडणं नव्हे. गुलामांची माणसं गोल धरून, पाय घासत, टाळ्या देत, काठी जमिनीवर आपटत फिरायची, त्याला शाऊट म्हणत. काठी का? ढोल नव्हता म्हणून. 1739 मध्ये साऊथ कॅरोलिनात गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत निघाले होते. 1740 ला गोऱ्यांनी कायदाच केला, गुलामानं ढोल ठेवायचा नाही. ढोल गेला, मग ताल पायात आणि तळहातात जाऊन बसला.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. त्यांच्याकडून ढोल हिसकावला. आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात हलगी अडकवली. लग्न त्यांचं, जत्रा त्यांची, मढं त्यांचं, आणि पुढं वाजवत चालायचं आपण, भाकरीच्या तुकड्यावर. म्हणून आपल्या माणसांनी हलगी टाकली. बरोबर केलं. माझ्या आज्यानं टाकली तेव्हा गावानं महिनाभर दळण बंद केलं होतं म्हणतात. पण टाकलेला ताल कुठं गेला, हे आपण कधी विचारलं का?

आता पियानोकडं या. ह्या वाजवण्याला स्ट्राइड म्हणतात. स्ट्राइड म्हणजे ढांग. डावा हात खाली जाड सुरावर ठोका देतो, लगेच ढांग टाकून वर येतो, मधल्या पट्ट्या एकत्र दाबतो, पुन्हा खाली. बुं-चक, बुं-चक. उजवा हात वर आपलं बोलणं बोलतो. हार्लेममध्ये भाडं परवडत नसलं की भाडेकरू घरातच पार्टी ठेवायचे, येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, पियानोवाला रात्रभर वाजवायचा. ढोलकीवाला वेगळा आणायला पैसा कुठला? म्हणून डावा हातच ढोलकीवाला झाला.

'कॅरोलिना शाऊट' जॉन्सननं 1918 ला पियानोच्या रोळावर दिली. रोळ म्हणजे भोकं पाडलेला कागद. तो पियानोत फिरवला की पट्ट्या आपोआप खाली जातात. 1921 ला तिची तबकडी निघाली. दोन्ही ऐका. रोळावर सगळं जागच्या जागी आहे, पण माणूस नाही. जोर नाही, हलकेपणा नाही, भोक ते भोक. तबकडीवर माणूस आहे. सुरुवातीलाच त्याचा डावा हात बुं-चक सोडून देतो आणि बुं-बुं-चक, बुं-बुं-चक, बुं-चक असा चालतो. तीन, तीन, दोन. उजवा हात सरळ चाललाय आणि खालची जमीन सरकतेय. पहिल्यांदा मला वाटलं मोबाईल अडकला. मग कळलं, हे पाय आहेत. गोलात फिरणाऱ्यांचे पाय. पुढं एका ठिकाणी वरचे सूर काही विचारतात आणि खालचे उत्तर देतात, जलशात म्होरक्या एक ओळ टाकतो आणि मागचे झेलतात, अगदी तसं.

फॅट्स वॉलर जॉन्सनचा चेला. ही चीज आधी रोळावरूनच शिकला, मग जॉन्सननं हाताखाली घेतलं. बाप धर्मोपदेश करणारा, त्याला हे वाजवणं पसंत नव्हतं. वॉलरनं 1941 ला हीच चीज तबकडीवर दिली. वेग आहे, पण घाई नाही. डावा हात जाड, गोल, भरलेल्या गाठीसारखा. जॉन्सन ठोकतो तिथं वॉलर ठेवतो. खालची जमीन सरकते तीसुद्धा लोण्यात सरकावी तशी. आमच्यातल्या एकाला हीच आवडली. म्हणाला, हा मोठा वाजवणारा. असेल. एवढं ध्यानात घ्या की 1921 ला माइक नव्हता, भोंग्यासमोर वाजवायचं, म्हणून जॉन्सनचा पियानो पत्र्यासारखा ऐकू येतो. यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारू नये. तरी मला विचाराल तर जॉन्सन. त्याच्यात नाचणाऱ्यांची भीती आहे. पाय चुकले तर ही गोदीतली माणसं आपल्याला उठवतील, हे त्याला माहीत आहे. वॉलरसमोर कौतुक करणारी माणसं बसलीत असं वाटतं.

तिसरा ड्यूक एलिंग्टन. त्यानं वॉशिंग्टनला रोळ लावून पियानो अगदी सावकाश फिरवला, पट्टी आपोआप खाली गेली की तिच्यावर बोट ठेवायचं, असं करत चीज पाठ केली. 1921 ला जॉन्सन त्या गावात आला, दोस्तांनी एलिंग्टनला पुढं ढकललं, आणि पोरानं जॉन्सनचीच चीज जॉन्सनसमोर वाजवली. पुढं त्यानं स्वतःचं वेगळं राज्य उभं केलं.

हे मी कविता लिहिणाऱ्यांना सांगतोय. 'गोलपिठा' 1972 ला आला. आज पन्नास वर्षं झाली, तरी आपल्यातले कितीतरी जण नामदेवच्या खाली गेलेल्या पट्टीवर बोट ठेवून लिहितात. मीही तसाच शिकलो, त्यात लाज नाही. शाळा नव्हती तर रोळ हीच शाळा. पण एलिंग्टननं तो रोळ आयुष्यभर फिरवला नाही.

हा डावा हात आपल्या मुलखातसुद्धा येऊन गेलाय. टेडी वेदरफोर्ड नावाचा काळा पियानोवाला, शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबर वाजवलेला. तो 1930 नंतरच्या वर्षांत मुंबईला ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. 1945 ला कलकत्त्यात कॉलऱ्यानं मेला. ताजमध्ये बुं-चक ऐकायला कोण बसत होतं ते सांगायला नको. त्याच मुंबईत गिरण्यांच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपलं तोंड बाटलेलं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. अमेरिकेत ज्याला गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दारानं घेतलं नसतं तो ताजमध्ये वाजवतो, आणि गिरणीत आपल्याला धागा शिवू देत नाहीत. ह्या दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

आता वस्तीतलं. वामनदादा कर्डकांचं एकच गाणं मी तीन तोंडांतून ऐकलंय. दादा सिन्नरकडचे, मुंबईत मोठेपणी अक्षर शिकलेले. त्यांचं गाणं डीजेवर येतं तेव्हा छाती हादरते, पोरं नाचतात, मीही नाचतो, पण शब्द चिरडून जातो. कापूस वेचताना बाया तेच गाणं ओवीच्या चालीत म्हणतात. ओळ संपली की वाकायचं, बोंड तोडायचं, मग पुढची ओळ. मधली जागा कामानं भरलेली. आणि तिसरं आमच्या गायन पार्टीच्या पेटीवाल्या मामांचं. ते बाबांचं नाव आलं की पेटी तोडतात. एक मात्रा काहीच नाही. मग ढोलकी पडते ती तीन, तीन, दोन. मामांना जॉन्सन माहीत नाही. मी विचारलं, हे कुठून आणलं? म्हणाले, "आमचा बाप हलगीवर मारायचा. आम्ही हलगी सोडली, हे कसं सोडावं? ढोलकीवाल्याला शिकविलं."

यंदाच्या चौदा एप्रिलच्या मीटिंगमध्ये डीजेला वर्गणी ठरली. गायन पार्टीचं "बघू" म्हणून ठेवलंय. मी दोन्हीला हात वर केला, एकट्यानं. पोरांवर राग नाही. वर्षभर खाली मान घालून काम करणाऱ्याला एक दिवस मोठा आवाज पाहिजेच. पण मामा सत्तरीला आलेत.

पेटीत डावा हात भात्यावर असतो, तो सूर काढत नाही, श्वास देतो. मामांचा डावा हात आता लवकर थकतो. म्हणून पाळी नसली की मी पेटीमागं बसून भाता मारतो आणि ते नुसतं उजव्यानं वाजवतात. रेच्याच्या ठोक्याची सवय असल्यानं मी एकसारखा मारतो, त्यांना ते चालत नाही. नाव यायच्या आधी हवा जरा जास्त पाहिजे, नावानंतर बंद. माझ्याकडून कमी पडली तर ते गाणं थांबवत नाहीत, नुसतं माझ्याकडं बघतात आणि पुढची ओळ घेतात.