काळं कुंकू

माझ्या आईच्या आजीचा एकच फोटो घरात आहे. नगरच्या गावातल्या वाड्याच्या ओसरीवर १९२५ च्या सुमारास काढलेला. पणजी बसलेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कपाळ मोकळं. शेजारी तिची सून उभी, म्हणजे माझी आजी. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. दोघींची लुगडी सारखीच काळी. पंधरा वर्षांपूर्वी सावेडी उपनगरातल्या घरी मी पहिली चित्रवही बांधली, तेव्हा पहिल्या पानावर हाच फोटो जलरंगात उतरवला आणि दोघींनाही चंद्रकळा नेसवली. आई तेव्हा चौऱ्याऐंशीची. तिने पान उजेडात धरलं आणि म्हणाली, "अगं, आजीला काळं कशाला नेसवलंस? तिचं लाल होतं. विधवेचं आलवण."

मी गप्प झाले. तीस वर्षं चित्रकला शिकवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा फोटो बघितला तेव्हा दिसलं, सुनेचं कुंकूही काळंच होतं की! कुंकू लाल हे मला ठाऊक होतं म्हणून तिथे हात आपोआप लाल रंगाकडे गेला. लुगड्याबाबत मात्र मी फोटोवर विश्वास ठेवला.

जुन्या काचेला लाल दिसतच नसे. फोटोंच्या काचेवरचा सुरुवातीचा लेप फक्त निळा-जांभळा उजेड टिपायचा. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लेपात रंगद्रव्य मिसळून त्याला हिरवा-पिवळा दाखवला, तरी लाल अंधारातच राहिला. डार्करूममध्ये तांबडा दिवा चालायचा तो याचमुळे. सगळे रंग जाणणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये विलायतेत विकायला आल्या, पण त्या अंधारात चाचपडत धुवाव्या लागत. तांबड्या दिव्याची सोय सहजासहजी कोण सोडणार? म्हणून आपल्या घरांतल्या त्या काळच्या फोटोंत कुंकू काळं, डाळिंबी काळं, चंद्रकळेचा लाल काठ तिच्या काळ्या अंगात बुडालेला. उलट आस्मानी लुगडं पांढरंफटक. आपल्या गव्हाळ कातडीत तांबूस छटा असते, तीही गडद उतरते. "पणजी फार काळी होती" असं फोटोवरून सांगणाऱ्यांना मी हे आवर्जून समजावते. हल्ली मोबाइलवर जुने फोटो रंगवून मिळतात. त्या यंत्रासमोरही राखाडीच असतो. आलवण त्याला कुठून कळावं?

पुढे मी इतर घरांच्या फोटोंच्याही वह्या करू लागले, पण रीत त्या दिवशीच ठरली. उजव्या पानावर चित्र, डाव्या पानावर पेन्सिलीने नोंद: कुठला रंग कोणी सांगितला. ज्याचा रंग सांगायला कोणी उरलं नाही, ते राखाडीच ठेवायचं. लोक नाराज होतात, "अर्धंच रंगवलंत" म्हणतात. मी अंदाजाने भरत नाही. एका वहीत एक बाई आहे, तिच्या फक्त बांगड्या हिरव्या आहेत. तेवढंच तिच्या पुतणीला आठवत होतं.

आमच्या नगरमध्येच जन्मलेले चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं, त्याच्या आदल्याच वर्षी बालगंधर्व गेले. तिथे गेले की स्त्रीवेषातल्या शालूपुढे मी नेहमी थांबते. हा रंग कोणाच्या आठवणीतून आला असेल?

वही मी विकतची घेत नाही. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा. १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने ती सुरू झाली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद पाणी पितो, पण फाटत नाही. जाड कागद असल्याने दोनच ताव एकात एक घालून फर्मा करते. जास्त घातले की घडीवर पोट येतं. दोन फर्म्यांमध्ये अर्ध्या इंचाची कागदी पट्टी शिवायची, नाहीतर रंगवलेली पानं फुगून वही उघडी आ वासते. दाभणाने पाच भोकं, मेण लावलेला दोरा, जुजबंदी शिवण. खळ रोज ताजी. जुने बाइंडर किडीसाठी त्यात मोरचूद घालायचे. मी घालत नाही, कारण त्याने कागद पुढे करपतो. पुठ्ठ्यावर ज्यांची वही त्यांच्याच घरातलं कापड. ते थेट चिकटवलं तर खळ वर फुटते आणि डाग पडतो, म्हणून आधी मागून पातळ कागदाचं अस्तर. मग उलट्या पाट्याखाली दोन दिवस.

नगरची हवा कोरडी. एप्रिलात दुपारी वॉश टाकला तर दुसरा कुंचला बुडवेपर्यंत कड धरतो. म्हणून काम सकाळी सातच्या आत. लालसाठी मी अलिझरिन वापरत नाही, तो उजेडात उडतो, क्विनाक्रिडोन वापरते. पणजीचं आलवण मी दुसऱ्यांदा रंगवलं ते त्यानेच. सुनेचं कुंकू आणि सासूचं लुगडं, दोन्हींना एकाच वाटीतला रंग लागला. आईने ते पान बराच वेळ मांडीवर ठेवलं होतं.

सध्या पाइपलाइन रोडवरच्या एका घराच्या वहीचं काम चाललंय. वाडा सोडून हे कुटुंब सावेडीत आलं, ट्रंकेत सहा फोटो घेऊन. त्यातल्या एका तरुण बाईचं लुगडं गडद, काठाला रुईफूल स्पष्ट दिसतं, रंग मात्र कोणालाच माहीत नाही. मी पान राखाडी ठेवणार होते. परवा त्यांच्या सूनबाई एक गोधडी घेऊन आल्या. टाके निघाले होते, त्यातून आतलं कापड डोकावत होतं. भिंगातून बघितलं: तेच रुईफूल, तेवढंच रुंद. वरचा थर विटून मातकट झालेला, पण आतल्या घडीत, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे डाळिंबी जसाच्या तसा. काठ मोरपंखी.

टाके पुन्हा घालायच्या आधी तो तुकडा मी खिडकीशी पसरून ठेवलाय. शेजारी वाटीत रंग कालवून बघतेय. अजून जमला नाही, जरासा निळसर होतोय.