आमच्या गाई आणि बिनसुईची लस

लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात अजून दोन गाई आहेत, एक कपिला आणि दुसरी तिची कालवड. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा गल्लीतल्या गुरांना लस टोचायला एक गृहस्थ आले होते. लस शेळ्यांच्या देवीची, पण गाईंनाही ती उपयोगी पडते. मात्र पहिल्या दारापासून आमच्या दारापर्यंत हातातली सुई तीच! आईंनी हटकले. "अम्मा, सब ऐसे ही लगाते हैं," असे उत्तर मिळाले. मुलगा औषधाच्या दुकानातून सुयांचे पाकीट घेऊन येईपर्यंत आई दावणीपुढून हलल्या नाहीत.

लम्पी मुख्यतः माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. पण आजारी गाईला टोचलेली सुई निरोगी गाईला टोचली, तर डासाचे काम माणूसच करतो.

त्याच सुमारास धाकटीने विचारले, "अहमदाबादच्या करोना लशीला सुई लागत नाही, मग कपिलेला का?" तिचे म्हणणे बरोबर होते. २०२१ साली मंजूर झालेली ती लस बिनसुईच्या यंत्राने देत. यंत्रातल्या स्प्रिंगच्या किंवा वायूच्या दाबाने लस केसासारख्या बारीक धारेने कातडीतून आत शिरते. परदेशात डुकरांना आणि वासरांनाही अशी लस देतात, आणि प्रतिकारशक्ती बहुधा सुईइतकीच येते. सुई मोडून अंगात राहण्याची भीती नाही, टोचणाऱ्याच्या बोटात घुसण्याचीही नाही.

पण गाय ऐन वेळी मान झटकते, हे यंत्राला कोण सांगणार? तोंड नीट टेकले नाही तर लस केसांवरून ओघळते. लाळ्या-खुरकुताची लस तेलकट, शिवाय ती मांसात खोल जावी लागते. यंत्र महाग. त्याचे तोंड रक्ताने माखले तर तेही सुईसारखेच रोग नेते. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्यात अशाच यंत्राने माणसांत कावीळ पसरली होती. उलट बुळकांडी जगातून गेल्याचे २०११ साली जाहीर झाले, आणि ती गेली साध्या सुईने टोचलेल्या लशीमुळेच. म्हणून आम्हाला तरी यंत्राची घाई नाही. आमचे भांडण सुईशी नव्हतेच, ती न बदलण्याशी होते.

लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी येते. सुयांचे पाकीट आता फडताळात लोणच्याच्या बरणीमागे असते. टोचायला कोणीही येवो, आई आधी पाकीट पुढे करतात, मग चहा.