अमानत

२०२६ च्या जानेवारीत पद्मश्रीची यादी आली. तीत आमच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव होते. गावात आनंद झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोखाड्याकडच्या एका पाड्यावरून एक तरुण मुलगा आमच्या दारात आला. चहा घेईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजींच्या टेपात आमचा आजा आहे म्हणतात. ऐकायला मिळंल का?"

गुरुजी म्हणजे माझे अब्बा. मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. तेव्हा हा सगळा मुलूख ठाण्यात होता. शाळा सुटल्यावर अब्बा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून पाड्यापाड्यांवर जात. भात पिकायला लागल्यापासून दिवाळीपर्यंत रात्री तारपा वाजे. दुधी भोपळ्याचे पोट, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही, सूर थांबत नाही आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर फिरत राहतो. अशा बारा कॅसेटी अब्बांनी भरल्या. ते गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

आता माझा गुन्हा सांगतो. जव्हारचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. कॅसेटींना बुरशी धरू लागली, म्हणून २००६ साली मी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. बारा कॅसेटी म्हणजे बारा तासांचा ध्वनी. सीडीच्या दर्जाने, म्हणजे वॅव्ह फाइलीत ठेवायचा तर साडेसात जीबी जागा हवी. सीड्या अकरा-बारा लागल्या असत्या. एमपी-थ्री केले, तेही ६४ केबीपीएसचे, तर सगळे मिळून साडेतीनशे एमबीच्या आत. एका सीडीत बारा कॅसेटी बसल्या! मी खूष झालो आणि अकरा कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. बारावी तेवढी वाचली, कारण ती अम्मीच्या पेटीत होती. तिच्या दुसऱ्या बाजूला आमच्या नानीची हळदीची गाणी होती. अम्मी म्हणाली, "तुझ्या मशीनमध्ये घाल, पण कॅसेट मला परत दे."

मुलाच्या आजाचा तारपा नेमका त्या अकरांतला.

मी सीडी काढली. ती चालली. पण कानाला काहीतरी खटकले. अम्मीच्या पेटीतली कॅसेट काढून टेपवर लावली, तेव्हा कळले की एमपी-थ्रीतला तारपा पाण्याखालून आल्यासारखा आहे. मग मी हा विषय समजून घ्यायला बसलो.

अब्बांच्या हजेरीपटावरून सांगितले तर लवकर समजेल. वर्गात चाळीस मुले. चाळीस नावांपुढे चाळीस खुणा केल्या, ती झाली वॅव्ह. 'तीन गैरहजर, बाकी सगळे हजर' एवढेच लिहून त्या तिघांची नावे टाकली, तर कागद कमी लागतो आणि त्यावरून पूर्ण हजेरी जशीच्या तशी पुन्हा मांडता येते. हा झाला फ्लॅक. मागच्या ध्वनीवरून पुढचा कसा असेल याचा तो अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक लिहितो. 'साधारण सदतीस आले होते' असे लिहिले की झाला एमपी-थ्री. आपल्या कानाला फारसे जाणवणार नाही असे त्याला जे वाटते, ते तो टाकून देतो. कोण आले नव्हते हे त्यावरून पुढे कुणालाही सांगता येत नाही.

फ्लॅक जोश कोल्सन नावाच्या माणसाने बनवला. पहिली पक्की आवृत्ती २००१ ची. म्हणजे मी कॅसेटी भंगारात देत होतो तेव्हा तो फुकट मिळत होता. मला ठाऊक नव्हता इतकेच.

बारावी कॅसेट मी नव्याने घेतली, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटने. अर्ध्या तासाची एक बाजू वॅव्हमध्ये ५१८ एमबी झाली. फ्लॅक केल्यावर तीनशेच्या आसपास आली. टेपची खरखर नसती तर आणखी लहान झाली असती, पण खरखरीचा अंदाज बांधता येत नाही. पुतण्याच्या आयफोनसाठी त्याच फाइलीचा अलॅक केला. तो ॲपलचा, २००४ सालचा, २०११ पासून सर्वांना खुला. मग अलॅकवरून पुन्हा वॅव्ह. तीन वेळा कपडे बदलले, माणूस तोच राहिला का?

रमजानमध्ये तरावीहला हाफिजसाहेबांच्या मागे दुसरे हाफिज उभे असतात. एक शब्द घसरला की मागून लुकमा मिळतो. फ्लॅकमध्येही मूळ ध्वनीचा एक छोटा ठसा लिहिलेला असतो. फाइल उलगडून त्याच्याशी ताडून पाहता येते. मी आणखी एक कसोटी घेतली. पहिली वॅव्ह आणि शेवटची वॅव्ह ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवल्या, एकीची लहर उलटी केली आणि दोन्ही एकत्र केल्या. दोन्ही सारख्या असतील तर एकमेकींना पुसून टाकतात. अर्धा तास ऐकले. शून्य शांतता. काहीही हरवले नव्हते.

मग त्याच बाजूचा २००६ सारखा एमपी-थ्री केला, सुरुवात नीट जुळवली आणि तीच कसोटी घेतली. या वेळी शांतता आली नाही. घुंगुरकाठीची किणकिण ऐकू आली. जमिनीवर घासणाऱ्या पावलांची सरसर, तारप्याच्या सुरावरची बारीक धार. एमपी-थ्रीने जे फेकून दिले होते, ते सगळे एकट्याने वाजत होते. उरलेल्या अकरा कॅसेटींतून मी काय घालवले, ते मला त्या बाराव्या कॅसेटीने ऐकवले. मी हेडफोन काढून ठेवला.

अब्बांचा टेपही साधाच होता. रात्रीच्या त्या माळावरचे कितीतरी त्यात आलेच नसेल. त्याचा दोष कुणालाच नाही. पण हातात आलेले पुढे देताना आपण त्यात कात्री चालवायची नाही, एवढे तर आपल्या हातात असते.

मुलगा पंधरा दिवसांनी पुन्हा आला. आजाच्या एमपी-थ्रीचा फ्लॅक करून देता आला असता. फाइल चांगली जाड दिसली असती, पण गेलेला आवाज एक कणही परतला नसता. ती अमानतीत दुसऱ्यांदा खयानत झाली असती. म्हणून एमपी-थ्री आहे तशीच दिली आणि नावातच लिहिले: 'कॅसेटवरून, २००६, मूळ नाही'. बाराव्या कॅसेटीचा फ्लॅक जपून ठेवायला दिला आणि फोनवर ऐकायला त्याचा एक एमपी-थ्री. मूळ कॅसेट का नाही, तेही खरे सांगितले.

त्याने फोन कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिला. "आजाच आहे," म्हणाला. मला रागावेल असे वाटले होते. तो म्हणाला, "हीच चाल बाप वाजवतो. भाताच्या टायमाला या. रातचे थांबा."

जाणार आहे. या खेपेला पहिल्यापासून वॅव्हमध्येच घेईन. आणि पहिली प्रत पाड्यावर ठेवून येईन.