फेरमतदान

चि. निखिल,



तुझं पत्र पोचलं. प्लेटो वाचून तू लोकशाही एका दमात निकालात काढलीस. सॉक्रेटिसला विष पाजणाऱ्या लोकांच्या हाती राज्य देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं तू लिहितोस. दादाला हे वाचायला देऊ नकोस. नोकरीभर निवडणुकीची ड्युटी केलेला माणूस आहे तो, रात्रभर भाषण देईल.

मी भाषण देत नाही. पण ज्या लोकांवर तू रागावला आहेस, ते कसे बसायचे, कसे ठरवायचे, हे तरी आधी बघ. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या पश्चिमेला प्निक्स नावाची टेकडी आहे. तिथे उघड्यावर पाचसहा हजार माणसांची सभा भरायची. कुणाला बोलायचंय, असं दवंडीवाला विचारी आणि ज्याला बोलायचं असेल तो पुढे येई. बाजारात रेंगाळणाऱ्यांना लाल रंगात भिजवलेला दोर धरून सभेकडे रेटत. अरिस्टोफेनीसच्या एका नाटकात लोक त्या दोरापासून पळताना दिसतात, म्हणजे नागरिक-कर्तव्याचा उत्साह तिथेही बेताचाच. सभेपुढे काय यावं हे ५०० जणांचं मंडळ बघे. तेही सोडतीनं निवडलेलं. दहा जमातींचे पन्नास-पन्नास, पाळीपाळीनं कारभार, आणि अध्यक्ष रोज नवा. सेनापती तेवढे मतानं निवडत. बायका, गुलाम आणि बाहेरगावचे रहिवासी यांना त्या टेकडीवर जागा नव्हती, म्हणजे मी तिथे नसतेच. ते मनात ठेवून पुढचं वाच.

इ. स. पू. ४२८ मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी शहरानं अथेन्सविरुद्ध उठाव केला. अथेन्समध्ये साथीनं माणसं मेलेली, शहराचा पुढारी पेरिक्लीस गेलेला, स्पार्टाशी युद्ध चालू. त्यात उलटलं कोण, तर ज्याच्याकडून खंडणी घेत नव्हते, ज्याला स्वतःचं आरमार ठेवू दिलं होतं ते शहर. पुढच्या वर्षी ते शरण आलं तेव्हा सभेनं संतापाच्या भरात ठराव केला, की तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मारावं आणि बायकापोरांना गुलाम करावं. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लोकांना चुटपुट लागली. पुन्हा सभा बोलावली. क्लिऑन उठला. घरचा कातड्याचा धंदा, आवाज मोठा, लोकांवर पकड पक्की. काल ठरवलेलं आज फिरवता, तुम्हाला साम्राज्य चालवता येणार नाही, भाषणं म्हणजे तुम्हाला तमाशा वाटतो, असं त्यानं लोकांना तोंडावर सुनावलं. त्याला उत्तर दिलं डायोडोटसनं. थ्युसिडिडीसच्या इतिहासातल्या या एका प्रसंगापलीकडे हा माणूस कुठे भेटत नाही. त्यानं दयेची भीक मागितली नाही. ते दोषी आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही, म्हणाला. आपला फायदा कशात आहे ते बोला. शरण आलं तरी मरण आणि लढलं तरी मरण, असं कळल्यावर यापुढे कुठलं शहर शरण येईल? आणि त्या शहरांतली सामान्य माणसं आज आपल्या बाजूची आहेत, त्यांनाही मारलंत तर उद्या तुमच्याकडे कोण बघेल?

हात जवळजवळ सारखेच वर झाले. डायोडोटस थोडक्यात जिंकला. मग दुसरं जहाज सोडलं. पहिल्याला एक दिवस आणि एक रात्र आधी निघाल्याचा फायदा होता. मिटिलिनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांसाठी दारू आणि सातूचं पीठ भरून दिलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणाले. दारूत आणि तेलात कालवलेलं पीठ खातखातच ते वल्ही मारत होते, झोपले तेही आळीपाळीनं. पहिलं जहाज मात्र रेंगाळत चाललेलं, कारण असलं काम कुणाला घाईनं करायचं असतं? तिथल्या अथेन्सच्या सेनापतीनं हुकूम वाचला होता, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात दुसरं जहाज बंदरात आलं. शहर वाचलं. पण गोष्ट इथे थांबवून टाळ्या वाजवू नकोस. उठावाचे सूत्रधार म्हणून हजाराहून जास्त माणसांना त्यानंतर मारलंच, क्लिऑनच्या सूचनेवरून. आणि अकरा वर्षांनी मेलॉस बेटावर तीच शिक्षा बजावली, तेव्हा मागून कुठलंही दुसरं जहाज गेलं नाही.

याच क्लिऑनची अरिस्टोफेनीसनं ४२४ मध्ये भर रंगमंचावर यथेच्छ टिंगल केली. लोक हसले, नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं आणि थोड्याच काळात त्याच लोकांनी क्लिऑनला सेनापती निवडून दिलं. हे वाचून मला फार आपलेपणा वाटतो.

आता ४०६ मध्ये ये. लेस्बॉसच्याच समोर अर्गिन्युसी नावाची छोटी बेटं आहेत. तिथे अथेन्सनं मोठी आरमारी लढाई जिंकली. माणसं इतकी कमी पडलेली, की गुलामांनाही स्वातंत्र्य देऊ म्हणून वल्ह्यांवर बसवलं होतं. विजय मिळाला पण २५ जहाजं गेली, आणि वादळामुळे फुटलेल्या जहाजांवरच्या लोकांना वाचवता आलं नाही. घरोघर सुतक. सेनापतींवर ठपका आला. आठांपैकी दोघे परतलेच नाहीत, सहाजण आले.

त्या सहांतला एक पेरिक्लीसचा मुलगा, नाव बापाचंच. आई अस्पेशिया परगावची. आईबाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व, हा ४५१ चा कायदा खुद्द पेरिक्लीसनं केलेला; त्या हिशेबानं हा मुलगा नागरिकच नव्हे. साथीत पेरिक्लीसची औरस मुलं गेली, तेव्हा लोकांनी म्हाताऱ्याची कीव येऊन या मुलाला नागरिक करून घेतलं. आता तोच लोकांसमोर आरोपी.

पहिली सभा लांबली, अंधारात हात मोजता येईनात म्हणून पुढे ढकलली. मधल्या दिवसांत कुळांचा सण आला. घराघरांत माणसं जमली, गेलेल्यांच्या आठवणी निघाल्या, आणि पुढच्या सभेत काळे कपडे घातलेली, डोकी भादरलेली माणसं येऊन बसली. इतिहासकार झेनोफन म्हणतो, त्यातले पुष्कळ शिकवून आणलेले होते. सहांचा निकाल एकाच मतदानात लावा, असा प्रस्ताव आला. हे बेकायदा आहे, प्रत्येकाची वेगळी चौकशी करा, असं युरिप्टोलेमस नावाच्या एकानं मांडलं. लोकांना हवं ते लोकांना करू न देणं हाच मोठा अन्याय, असा गलका उठला. हरकत घेणाऱ्यांनाही त्याच मतदानात गोवायची धमकी झाली. पाळीवरचे पन्नास आधी कायदा सांगत होते, मग घाबरले. एकजण अडून बसला. सॉक्रेटिस, जन्मात एकदाच सरकारी पदावर बसलेला.

गंमत अशी, की हात मोजले तेव्हा आधी युरिप्टोलेमसचा ठराव जिंकला होता. कुणीतरी हरकत घेतली, फेरमतदान झालं, आणि सहाही जण मेले. म्हणजे फेरमतदानानं एक शहर वाचवलं आणि त्यानंच सहा सेनापती मारले. तेव्हा ‘दुसऱ्यांदा विचार करावा’ एवढाच धडा यातून निघत नाही. मला फरक दिसतो तो असा. मिटिलिनीच्या वेळी डायोडोटसला कुणी धमकावलं नाही, त्याचं म्हणणं सबंध ऐकून घेतलं, आणि क्लिऑननं लोकांच्या तोंडावर त्यांना मूर्ख ठरवलं तेही ऐकून घेतलं. अर्गिन्युसीच्या वेळी ‘नियमानं चला’ म्हणणाऱ्याचाच गुन्हेगार झाला.

पुढे लोकांना पश्चात्ताप झाला. प्रस्ताव मांडणारा कॅलिक्सिनस सगळ्यांच्या तिरस्काराचा धनी होऊन उपाशी मेला. ४०५ मध्ये उरलेलं आरमार गेलं, ४०४ मध्ये अथेन्स शरण आलं. मग ज्यांना निवडक शहाण्यांचं राज्य हवं होतं त्यांना ते मिळालं. तीस जणांचं, प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ क्रिटियस त्यांचा म्होरक्या. वर्षही पुरं व्हायच्या आत त्यांनी सुमारे दीड हजार माणसं मारली. ४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा मागचे हिशेब काढायचे नाहीत असं तिनं शपथेवर ठरवलं, आणि सभेचा कुठलाही ठराव कायद्याच्या वर नाही असा नियम केला. अर्गिन्युसीची ठेच लागली होती, हे उघड आहे.

तुझा मुद्दा मला खरा अडवतो तो इथेच. ३९९ मध्ये सॉक्रेटिसचा खटला या सुधारलेल्या व्यवस्थेत चालला. सगळं रीतसर. सोडतीनं निवडलेले पंच, आरोपीला बोलायला पूर्ण वेळ, शिक्षा कोणती हे सुचवायचीही मुभा. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटला असता. अर्गिन्युसीच्या सभेत आपण कसे वागलो, हे त्यानं त्या पंचांनाही ऐकवलं. यावर माझ्याकडे तुला गप्प करणारं उत्तर नाही. पण हेही बघ, की ज्यांच्यासमोर तो मेला, त्यांच्याच शहरात सत्तरीपर्यंत भर बाजारात उभा राहून त्यानं ज्याला त्याला प्रश्न विचारून हैराण केलं होतं. तिसांच्या राज्यात क्रिटियसनं त्याला तरुणांशी बोलायलाच बंदी केली होती. स्पार्टात तर तो उभाच राहिला नसता.

प्लेटो पुढे वाच, पण त्याआधी झेनोफनच्या ग्रीक इतिहासातलं पहिल्या खंडाचं सातवं प्रकरण वाच. छोटंच आहे. युरिप्टोलेमसचं भाषण त्यात आहे, आणि हरणाऱ्या बाजूचं असूनही ते पुरतं लिहून ठेवलं आहे. वाचून झालं की भांडायला ये, दिवाळीला सातारला येतोच आहेस.

तुझी,
आत्या