घोड्याचा दाखला

वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढल्यामुळे कागद पाहिल्याखेरीज अस्मादिकांचा कुणावर विश्वास बसत नाही. निघायच्या आदल्याच दिवशी सही जुळत नाही म्हणून एका आजीबाईंना तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. हात थरथरत होता त्यांचा. पण नियम म्हणजे नियम!

टेक्ससला मेहुण्याकडे पोचलो, तर त्यानं घाट घातलेला: घोड्यावरून कॅप्रॉक कॅन्यन्स स्टेट पार्क आणि रात्री तंबूत मुक्काम. घोड्याशी माझा संबंध लग्नाच्या वरातीपुरता. त्यातून तिथे बायसनचा सरकारी कळप मोकळा हिंडतो!

तिथे घोड्याच्या रक्ततपासणीचा दाखला लागतो, तोही बारा महिन्यांच्या आतला. मला बरं वाटलं. चला, जनावराचे कागद तरी चोख आहेत!

वाट कसली, लाल मातीचा कडाच तो. एका उतारावर घोडा थबकला. मी लगाम खेचला. तो ढिम्म.

"भाऊजी, लगाम सैल सोडा," मेहुणा ओरडला, "त्याला पायाखालचं बघू द्या!"

देवाचं नाव घेऊन सोडला. घोड्यानं मान खाली घातली आणि एकेक दगड चाचपत मला सुखरूप उतरवलं.

रात्री तंबूत अंग ठणकत होतं, तरी आठवत होता तो थरथरता हात.

परतल्यावर आजीबाई आल्या. सही याही खेपेला जुळेना. मग अंगठा घेतला, दोन साक्षीदार उभे केले. नियमात ती सोय पहिल्यापासून होतीच. लगाम तेवढा मीच आवळून धरला होता.