बाबा, सांदण आणि करोलीचा चढ

गडाचा ट्रेक आपल्याला पाठ असतो. सकाळी ताज्या पायांनी चढायचं, दुपारी वरच्या टाक्याजवळ डबे उघडायचे आणि संध्याकाळी गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत उतरायचं. सांदण-करोलीचा ट्रेक याच्या बरोब्बर उलटा! इथे सकाळी उतरायचं आणि दिवसभर दगडांवर उड्या मारून पायांचा पार भुगा झाला, की मग चढायचं. तेही सह्याद्रीची मुख्य रांग. सुरुवात साम्रद गावातून आणि शेवटही तिथेच. अख्खा एक वेढा.

साम्रद म्हणजे अकोले तालुक्यातलं अगदी टोकाचं गाव. जिल्हा आताचा अहिल्यानगर. भंडारदऱ्यापासून धरणाच्या कडेकडेने गाडी जात राहते आणि एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग-मदन-कुलंगची रांग दिसायला लागते. गावाच्या मागे जमीन अचानक चिरली गेल्यासारखी दिसते. तीच सांदण दरी. साधारण दोन किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या उभ्या भिंती आणि मधली वाट काही ठिकाणी इतकी अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कातळांना टेकावेत. गंमत म्हणजे रतनगडावर पडलेला पाऊस प्रवरेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला मिळतो, पण सांदणमध्ये पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राकडे जातो. म्हणजे आपण देशाच्या पाणलोटाच्या रेषेवर उभे असतो, हातात कटिंग चहा घेऊन!

जानेवारीतला शनिवार ठरला होता. आमचा ऑफिसचा ग्रुप नऊ जणांचा. त्यातल्या एकाचं रिलीज आडवं आलं आणि जागा रिकामी झाली. मी फोनवर आईला हे सांगत होते, तर मागून आवाज आला, "मी येऊ का?"

बाबा. वय वर्षं एकसष्ट. बँकेत छत्तीस वर्षं काढून मागच्या वर्षी रिटायर झालेले. ऐंशीच्या दशकात सॅक पाठीला लावून सह्याद्री पालथा घातलेले, पण मग लग्न, मी, दादा, डोंबिवलीतल्या फ्लॅटचं कर्ज... ट्रेकचे बूट कधी माळ्यावर गेले ते त्यांनाही आठवत नसेल. रिटायर झाल्यापासून ते जरा गप्पच झाले होते. पेपर वाचून झाला की पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे.

मी 'हो' म्हटलं, पण अटींसह. डॉक्टरांकडे तपासणी, ईसीजी आणि रोज इमारतीचे सात मजले, तीनदा. बाबांनी चारदा केले. आमच्यासोबत येणाऱ्या गावातल्या दोघा वाटाड्यांना मी आधीच त्यांचं वय सांगून ठेवलं होतं.

सकाळी साडेसहाला दरीच्या तोंडाशी पोचलो. आत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मोबाइलची रेंज गेली आणि पुढच्या दहा मिनिटांत ऊनही. मग पाण्याचे डोह. जानेवारीतसुद्धा पाणी कमरेला लागत होतं आणि इतकं थंड, की आमच्या टीम लीडच्या तोंडून शुद्ध मराठी शब्द बाहेर पडले. पुढे नुसते दगड. फ्रिजएवढे, मारुती कारएवढे, काही तर वन रूम किचनएवढे! हा सगळा काळा बसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावरून उतरताना पाय कुठे ठेवायचा हा निर्णय दर दोन सेकंदांना घ्यावा लागतो. डोक्यात दुसरं काही येतच नाही. एवढ्यासाठी आपण मेडिटेशनच्या ॲपला पैसे भरतो.

मग येतो रॅपलिंगचा टप्पा. साधारण पंचेचाळीस फुटांचा सरळ कडा. हार्नेस, हेल्मेट, डिसेंडर, वर बिले द्यायला एक जण. बाबा माझ्याआधी उतरले. पाठ दरीकडे करून, पाय फाकवून, एकदम टेचात. खालून ओरडले, "ये गं, काही नाही त्यात!"

सगळे उतरल्यावर वाटाड्याने दोर खेचून घेतला. सर्रकन आवाज झाला आणि दोर खाली येऊन पडला. त्या आवाजाने माझ्या पोटात खड्डा पडला. कारण आता परतीची वाट बंद. घरी जायचं तर पुढेच जायचं, पूर्ण वेढा घालून.

आणखी छोटे कडे, आणखी दगड. अडीच वाजता दरी संपली आणि ओढ्याकाठी आम्ही ठेपले उघडले. मागे आजोबाचा डोंगर उभा होता. वाल्मीकींचा आश्रम तिथे होता आणि लव-कुश त्यांना आजोबा म्हणायचे, म्हणून डोंगराचं नाव आजोबा, असं लोक सांगतात. बाबा म्हणाले, "बघ, माझ्यापेक्षा मोठं कुणीतरी आहे इथे."

इथून एक वाट शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला जाते आणि दुसरी करोली घाटाने वर साम्रदला. करोली ही कोकणातून घाटावर जायची जुनी पायवाट. चढायला तीन तास धरा. आम्ही तीन वाजता निघालो.

सव्वाचारला बाबांच्या पोटरीत गोळा आला.

त्यांना दगडावर बसवलं, पाय चोळला, इलेक्ट्रॉलचं पाणी दिलं. समोर बाणचा सुळका उभा होता आणि ऊन कोकणाकडे कललं होतं. अंधाराच्या आत वर पोचायचं गणित प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सहा जणांना एका वाटाड्यासोबत पुढे पाठवलं. मी, एक मैत्रीण, बाबा आणि दुसरा वाटाड्या मागे राहिलो.

"बाबा, सॅक द्या."

"राहू दे गं. सवय आहे मला."

"बाबा, दमानं," वाटाड्या म्हणाला. "घाट कुठं पळून जात नाही."

पन्नास पावलं आणि थांबा, असं ठरलं. नंतर तीस. मग वीस. एका वळणावर बाबा थांबले, खांद्यावरून सॅक काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ही घे गं जरा. आता नाही झेपत."

आमच्या घरात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. दादरच्या पुलावर दोन बॅगा आणि कडेवर मी, तरी हमाल नाही. आजीच्या आजारपणात रात्री हॉस्पिटल, सकाळी बँक, तरी 'ठीक आहे'. मी काही न बोलता सॅक पुढच्या बाजूला अडकवली. पाठीवर माझी, पोटावर बाबांची. माझ्याही मांड्या थरथरत होत्या, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

ओझं उतरल्यावर ते बरे चालायला लागले. बोलायलाही लागले. "रिटायर झाल्यापासून सगळे 'बसा' म्हणतात," ते म्हणाले. "बसा, आराम करा, आम्ही आणतो. बसून बसून माणूस फर्निचर होतो. तू निदान सात मजले तरी चढायला लावलेस!"

सूर्य गेला. हेडटॉर्च लागले. शेवटचा कातळटप्पा वाटाड्याचा हात धरून पार केला आणि पावणेसातला पायाखाली सपाट माळ आला. साम्रदचे दिवे दिसले. पुढे गेलेले सहाही जण शेतात उभे होते, आमच्या टॉर्चकडे टॉर्च हलवत. जेवायला पिठलं, ठेचा आणि गरम भाकरी. बाबांनी तिसरी भाकरी मागून घेतली.

सोमवारी मॅनेजरने दुसरा प्रोजेक्टही माझ्याकडे सरकवला. एरवी मी 'शुअर' म्हणून टाकलं असतं. या वेळी म्हटलं, "दोन्ही एकत्र नाही झेपणार." आकाश कोसळलं नाही. एक प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेला, बस्स.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात दरीतून पाण्याचा लोंढा जातो, तेव्हा नावही काढू नका. साम्रदचा वाटाड्या घ्याच, दोराचं काम जाणणारं कुणीतरी सोबत हवंच. तीन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट, प्रत्येकाकडे टॉर्च. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे कचरा परत आणायचा.

बाबांची सॅक अजून माझ्याच घरी आहे, धुऊन वाळवून ठेवलेली. "आणून देऊ का?" विचारलं तर म्हणाले, "राहू दे तिथेच. पुढच्या वेळी तुझ्याकडूनच निघू."